पाकिटातली शिजवलेली कोंबडी



आपली कितीतरी मुले नोकरीपायी मालाडसारख्या उपनगरात राहतात. लोकलच्या गर्दीतून रात्री घरी पोचल्यावर स्वयंपाक कोण करणार? मग शिजवलेली कोंबडी पाकिटातून येते. आम्हीही मुलाकडे उतरलो तेव्हा तीच खाल्ली. चव बरी होती, पण रात्रभर तहान तहान झाली.

कोंबडीत प्रथिने भरपूर, त्याबद्दल वाद नाही. खोट मिठात आहे. उसाच्या वजनाची पावती आपण निरखून पाहतो, तसे पाकिटामागचे आकडेही पाहावेत. १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर ते दीड ग्रॅम मीठ झाले. २५० ग्रॅमचे पाकीट एकट्याने संपवले की पावणेचार ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाबवाल्यांनी तर फारच जपावे. एक पाकीट दोघांत घ्यावे, सोबत लोणचे-पापड नको. भाकरी, बिनमिठाची काकडी, टोमॅटो चालेल.

गोठवलेले पाकीट उणे १८ अंशांत ठेवावे लागते. पोरांनो, कौतुकाने ते पिशवीत घालून रात्रीच्या एस.टी.ने गावी आणू नका. वाटेत वितळले की बिघडते, आणि पुन्हा गोठवून ते सुधारत नाही. इथे ताजी कोंबडी मिळते की!