आधी या, परमिटचं मग बघू

थायलंडमधल्या शाळा मे महिन्याच्या मध्याला उघडतात आणि दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतं. या तारखा जवळ आल्या की परदेशी इंग्रजी शिक्षकांची शोधाशोध सुरू होते. पालकांनी ‘इंग्लिश प्रोग्राम’ची जादा फी भरलेली असते, आधीचा शिक्षक मध्येच सोडून गेलेला असतो आणि वर्गावर परदेशी शिक्षक दिसला नाही तर शाळेची पत जाते. अशा वेळी उमेदवाराला मिळणारं आश्वासन साधारण एकाच साच्याचं असतं: आत्ता पर्यटक म्हणून या, सोमवारपासून वर्गावर उभे राहा, वर्क परमिटचं आम्ही मागाहून बघतो. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. शाळा खरी, मुलं खरी, पगारही मिळेल असं दिसतं. राहिला एक सरकारी कागद, तो आज ना उद्या होईलच. माझं म्हणणं असं आहे की या ‘मागाहून’मध्ये शाळेच्या डोक्यावरची जोखीम गुपचूप शिक्षकाच्या डोक्यावर सरकवलेली असते आणि बहुतेक वेळा शाळेला हे पुरतं ठाऊक असतं.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला शाळेत शिकवायचं तर तीन सरकारी दारं ओलांडावी लागतात. पहिलं व्हिसाचं. नोकरीसाठी ‘नॉन-इमिग्रंट बी’ वर्गाचा व्हिसा लागतो आणि तो प्रवासाआधी थायलंडच्या वकिलातीतून घेणं हा सरळ मार्ग. दुसरं दार कामगार खात्याचं, तिथे वर्क परमिट मिळतं. तिसरं ‘खुरुसफा’चं, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेचं. २००३ च्या कायद्याने शिक्षकी हा परवान्याचा व्यवसाय ठरला, त्यामुळे ज्या परदेशी शिक्षकाकडे तिथला परवाना नाही त्याच्यासाठी शाळेला परिषदेकडून ठरावीक मुदतीची परवानगी मागावी लागते. व्हिसाने देशात येण्या-राहण्याची मुभा मिळते, काम करण्याची नाही. पर्यटक म्हणून आलेल्याला काही अटींवर तिथल्या तिथे व्हिसाचा वर्ग बदलून घेता येतो. त्यामुळे शाळेचं आश्वासन अगदीच खोटं असतं असंही नाही. पण तो बदल होऊन परमिट हातात पडेपर्यंत वर्गात उभं राहणं बेकायदाच असतं आणि नेमका तेवढा भाग सांगायचा राहून जातो.

हे वर्क परमिट अनेक वर्षं पासपोर्टच्या आकाराच्या निळ्या पुस्तिकेच्या रूपात मिळत आलं. आत फोटो, नाव, राष्ट्रीयत्व. पुढे कामाचं स्वरूप, मालकाचं नाव, कामाची जागा आणि मुदत संपण्याची तारीख. या नोंदींकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: शिक्षकाला यातल्या निम्म्या एकट्याच्या बळावर करून घेताच येत नाहीत. शाळेच्या नोंदणीचे दाखले, नेमणुकीचं पत्र, सही-शिक्का हे सगळं शाळेकडून यावं लागतं. म्हणजे परमिट रखडलं तर ते बहुधा शाळेच्या टेबलावर रखडलेलं असतं. कारणं वेगवेगळी असतात. कधी उमेदवाराकडे पदवीच नसते. कधी शिकवणी वर्गाची स्वतःचीच नोंदणी धड नसते. कधी मध्यस्थ एजन्सी एकाच माणसाला चार शाळांत फिरवत असते, त्यामुळे कोणत्या शाळेचं नाव लिहायचं हाच प्रश्न पडतो. आणि पुष्कळदा निव्वळ टाळाटाळ असते. काम परमिटविनाच सुरू झालेलं असताना कचेरीच्या खेपा कोण घालणार?

ही टाळाटाळ परवडते, कारण पकडलं गेल्यावर दोघांना बसणारा फटका सारखा नाही. २००८ च्या कायद्यात परवान्याविना काम करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा २,००० ते १,००,००० बाट दंड होता आणि मालकाला डोईमागे १०,००० ते १,००,००० बाट. जून २०१७ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने अध्यादेश काढून मालकाचा दंड एकदम ४ ते ८ लाख बाटवर नेला. मालक धास्तावले. कागद नसलेल्यांना त्यांनी कामावरून काढायला सुरुवात केली, म्यानमार आणि कंबोडियाच्या मजुरांची हजारोंनी सीमेकडे रीघ लागली, आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारला जाचक कलमांची अंमलबजावणी लांबणीवर टाकावी लागली. २०१८ च्या दुरुस्तीत मालकाचा पहिल्या गुन्ह्याचा दंड पुन्हा जुन्या पातळीवर आला. कामगाराची कैद गेली, पण ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि दोन वर्षं नवं परमिट नाही, हे त्याच्या वाट्याला राहिलं. जादा फी घेणाऱ्या शाळेला हा दंड एखाद्या सहलीच्या खर्चात बसतो. शिक्षकाचं मात्र एका दिवसात घर, नोकरी आणि त्या देशातलं पुढचं भवितव्य जातं.

दंड झाला नाही तरी शिक्षकाचं नुकसान पहिल्या दिवसापासूनच सुरू असतं. पगार दोन महिने थकला तर तो तक्रार करणार कुठे? कामगार कचेरीत गेलं की पहिला प्रश्न परमिटचा येणार, म्हणजे तक्रार मांडण्याआधी आपलाच गुन्हा कबूल करावा लागणार. ठरलेल्या वीस तासांचे तीस झाले, सुट्टीतला पगार कापला गेला, अपघातात पाय मोडला, तरी मुकाट्याने सोसण्याखेरीज हातात काही नसतं. मागाहून दुसरीकडे अर्ज करताना अनुभवाचा दाखलाही दाखवता येत नाही, कारण कागदोपत्री तो माणूस तिथे सहल करत होता. शाळेला हे सगळं सोयीचंच.

यावर नेहमीचं उत्तर येतं की सगळेच असं करतात आणि कोणी विचारत नाही. त्यातला पहिला भाग बऱ्याच ठिकाणी खराही आहे. पण कोणी विचारत नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. कोणी कधी विचारायचं हे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, एवढंच. ती मर्जी फिरवायला एक फोन पुरतो. तो चिडलेल्या पालकाचा असेल, शेजारच्या स्पर्धक शाळेचा असेल, क्वचित पगार द्यायचा नसलेल्या मालकाचाही असेल. शिवाय धरपकड लाटेसारखी येते आणि तिचं कारण भलतीकडेच असतं. २००६ आणि २००७ मध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी माणसांना थायलंडमध्ये परमिटशी संबंध नसलेल्या आरोपांवरून अटक होण्याची दोन प्रकरणं जगभर गाजली. त्यानंतर आशियातल्या काही देशांच्या शाळांत परदेशी शिक्षकांचे कागद तपासायचा सपाटा सुरू झाला. गुन्हा एकाचा आणि तपासणी सगळ्यांची, हे अशा वेळी ठरलेलंच.

दुसरं उत्तर सेवाभावाचं. आम्ही पैसे घेत नाही, फक्त राहायची-जेवायची सोय असते, मग ही नोकरी कशी? थायलंडच्या २००८ च्या कायद्याने कामाच्या व्याख्येतच मोबदला मिळो वा न मिळो असं म्हटलं होतं. विषय तिथेच संपतो.

चीनमध्ये हीच गोष्ट जास्त कडक रूपात दिसते. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो आणि प्रकरण गंभीर मानलं गेलं तर वर ५ ते १५ दिवसांची कोठडी. हद्दपारीची वेळ आली तर १० वर्षं त्या देशात पाऊल टाकता येत नाही. मालकाला डोईमागे १०,००० युआन, तेही जास्तीत जास्त १ लाखापर्यंत. या कायद्याचं आणखी एक कलम फारसं कोणी वाचत नाही: परवाना असूनही त्याच्या कक्षेबाहेर काम केलं तर तेही बेकायदा. एका शाळेच्या परवान्यावर असलेला शिक्षक शनिवार-रविवारी दुसऱ्या क्लासमध्ये शिकवताना सापडला तर तो या कलमात अडकतो. आपल्याकडून चीनला योग शिकवायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं. जिममधला योगवर्ग हेदेखील कामच आहे आणि पर्यटक व्हिसावर घेतलेला योगवर्ग हे बेकायदा काम.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. हे नियमच अन्यायाचे आहेत, मग ते पाळायचे का? यात तथ्य आहे. चीनच्या २०१७ पासूनच्या परवाना पद्धतीत इंग्रजीचा शिक्षक सर्वसाधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा हवा, शिवाय पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. पुण्यात वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंपेक्षा कालच पदवी घेतलेला कॅनेडियन तरुण या नियमाला अधिक लायक वाटतो. हे पक्षपाती आहे, यावर माझं दुमत नाही. पण मागच्या दाराने आत गेल्यावर तो पक्षपात कमी होतो का? उलट होतं. ज्याच्याकडे परमिट नाही त्याला कमी पगार देता येतो, हे शाळा ओळखून असते. त्यामुळे नियम जसा होता तसाच राहतो आणि त्याच्या आडोशाला स्वस्त शिक्षकांचा बाजार भरतो.

अन्यायाचा नियम कसा बदलतो याचं उदाहरण कोरियातलंच आहे. थायलंडमधल्या २००७ च्या त्या अटकेनंतर कोरियाने परदेशी भाषाशिक्षकांवर गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या दाखल्याबरोबर एचआयव्ही तपासणीही लादली. कोरियन शिक्षकांना ती अट नव्हती. २००९ मध्ये न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने ही तपासणी पुन्हा करून घ्यायला नकार दिला आणि तिचा करार पुढे वाढवला गेला नाही. तिने दाद मागत प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपर्यंत नेलं, २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिलं आणि २०१७ मध्ये कोरियाने ती अट काढून टाकली. तिच्याजवळ रीतसर करार होता, व्हिसा होता, नोंद होती, म्हणून ती समोर उभी राहून भांडू शकली. पर्यटक व्हिसावर शिकवणाऱ्या माणसाला अशी लढाई सुरूच करता येत नाही.

नियम करणाऱ्यांनाही यातून शिकता येतं. संयुक्त अरब अमिरातीत घरी शिकवणी घेणं वर्षानुवर्षं बेकायदा होतं आणि तरीही ते सर्रास चालायचं. दुबई-शारजातल्या भारतीय वस्त्यांमध्ये गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेणाऱ्या गृहिणी आणि शिक्षिका काही कमी नव्हत्या, त्यांत मराठीही. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने खाजगी शिकवणीसाठी दोन वर्षांचं विनाशुल्क परमिट सुरू केलं. नोकरीतले शिक्षक, बेरोजगार, विद्यापीठातले विद्यार्थी, इतकंच काय १५ ते १८ वयाची शाळकरी मुलंसुद्धा त्यासाठी अर्ज करू शकतात. त्यांना आचारसंहितेवर सही करावी लागते. पुढच्या वर्षी परवान्याविना कामावर ठेवणाऱ्या मालकांचा दंड १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत वाढवला गेला. इथे शिक्षकाला आधी वाट मोकळी करून दिली आणि मालकाचा दंड त्यानंतर वाढला. थायलंडने २०१७ मध्ये वाट रुंद न करताच दंड वाढवून पाहिला होता, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

भारतातून जाणाऱ्या शिक्षकाची आणखी एक अडचण आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्यांना १८ देशांत कामासाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते; थायलंड आणि अमिराती त्या यादीत आहेत, चीन नाही. शिक्षक दहावीच्या पुढे शिकलेला असल्यामुळे त्याला या मंजुरीची गरजच नसते. सुशिक्षित माणूस आपलं बघून घेईल हे त्यामागचं गृहीतक. परिणामी मजुराचा करार कोणी तरी एकदा तपासतो, शिक्षकाचा कोणीच तपासत नाही. त्यात थायलंडने २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवस विनाव्हिसा राहण्याची सवलत दिल्यावर ‘आधी या’ म्हणणं आणखी सोपं झालं. म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांमध्ये आपली मुलं अडकली तीही याच वाटेने: नोकरी बँकॉकची, प्रवेश पर्यटकाचा, कागद नंतर. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडमधल्या माए सोतहून परत आणलं. खरी शाळा आणि तो अड्डा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण विमानतळावर उतरेपर्यंत दोघांची आश्वासनं सारखीच ऐकू येतात.

म्हणून परदेशात शिकवायला निघणाऱ्यांना इतकंच सांगणं आहे. एजंटमार्फत जात असाल तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. शाळेला परमिटचा अर्ज कोण करणार, कोणत्या नावाने आणि कधी, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजा. आणि पासपोर्टवर नोकरीच्या वर्गाचा व्हिसा आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, शाळा कितीही घाई करो.