सायकलची सैल मान

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या बाजूचा तालुका म्हणजे झरी जामणी. नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कापसाची काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. म्हणून तिच्यावर बांधलेल्या रस्त्यास हळूहळू लाटा येतात. अशा रस्त्यावर जुनी जड सायकल निमूटपणें चालते. परंतु शर्यतीच्या हलक्या सायकलीच्या पुढच्या भागास क्षणोक्षणीं हादरे बसतात, आणि एके दिवशीं ब्रेक दाबतांच हँडलाखालीं ‘टक्’ असा आवाज येतो.

या हलक्या सायकलींचा छंद विदर्भांत आतां नवा राहिलेला नाहीं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानें पूर्ण केली. अशा सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचें चाक धरणारा चिमटा, पुष्कळदां कार्बनच्या तंतूंचा असतो. या फोर्कची नळी वर येते आणि तिला हँडलाशीं जोडणारा जो तुकडा, तो स्टेम. स्टेम ही सायकलची मानच होय. ती सैल झाली तर हात एकीकडे वळतो आणि चाक दुसरीकडे जातें.

जुन्या सायकलींत स्टेम नळीच्या आंत उतरे व लांब बोल्टानें पाचर ओढून तो घट्ट बसे. १९९० नंतरच्या दशकांत दुसरी पद्धत रूढ झाली. तींत स्टेम नळीस बाहेरून मिठी मारतो. त्याच्या बाजूस दोन बोल्ट असतात, तर माथ्यावर एक टोपी व तिचा बोल्ट असतो. घोटाळा होतो तो येथेंच. माथ्याचा बोल्ट आवळला म्हणजे स्टेम घट्ट झाला, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः टोपीचें काम बेअरिंगमधील ढिलाई काढण्यापुरतें आहे; स्टेमला धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. ते आवळलेले असतां टोपी कितीही पिळली तरी उपयोग होत नाहीं.

प्रथम दोष ओळखावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेंमागें ढकलावी. फ्रेम व फोर्क यांच्या सांध्यांत खुळखुळ जाणवली तर बेअरिंग ढिलें आहे. नंतर पुढचें चाक गुडघ्यांत धरून हँडल बेतानें वळवावें. चाक न हलतां हँडल फिरलें तर स्टेमची पकड सुटली आहे.

पकड सुटली असल्यास फोर्कला आधार देऊन टोपी व स्टेम काढावा आणि नळी उजेडांत पाहावी. चीर, खोल ओरखडा किंवा मऊ पडलेली जागा दिसली तर दुरुस्तीच्या भरीस न पडतां फोर्क बदलावा. लोखंड तुटण्यापूर्वीं बहुधा वाकतें व सूचना देतें. कार्बनचे तंतू लांबीच्या दिशेनें फार बळकट असले तरी आवळल्यानें चिरडतात, आणि पुष्कळदां सूचना न देतां तुटतात.

नळी निर्दोष असेल तर ती पुसून कोरडी करावी. फोर्क बनविणाराची अनुमति असेल तरच कार्बनसाठींचा खरखरीत लेप पातळ लावावा. ग्रीस लावूं नये. नळीच्या आंत फुगून बसणारी खुंटी स्टेम जेथें आवळला जातो त्याच उंचीवर असावी, म्हणजे नळीस आंतून आधार मिळतो. धातूच्या नळींत ठोकून बसवावयाची चांदणीच्या आकाराची चकती येथें वापरूं नये. ती तंतू कापते.

स्टेम चढविल्यावर नळीचा माथा स्टेमच्या, किंवा त्यावरील कड्याच्या, कांठाखालीं सुमारें ३ मिलिमीटर राहावा. बाजूचे बोल्ट सैल ठेवून टोपी हळू आवळावी. खुळखुळ थांबावी, पण हँडल मोकळेपणीं वळावें. मग स्टेम चाकाच्या रेषेंत आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळावे. किती आवळावयाचे, तें बहुधा स्टेमवरच छापलेलें असतें. पुष्कळ ठिकाणीं तो आकडा ५ न्यूटन-मीटर असतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकास सुमारें ५ किलो वजन टांगल्यानें पडेल तेवढा जोर. मात्र फोर्कवर याहून कमी आकडा असेल तर तोच पाळावा. हा जोर मोजणारा टॉर्क पाना मिळतो. नुसत्या हाताचा अंदाज जुन्या लोखंडी सायकलीस पुरत असे; कार्बनला तो पुरत नाहीं.

शेवटीं दोन्ही परीक्षा पुन्हां कराव्या, आणि पहिल्या फेरीनंतर बोल्ट एकदां तपासावे. खडबडीत रस्त्यावर उतारानें जातांना स्वाराचा सारा भरंवसा या दोन लहान बोल्टांवर असतो. ते योग्य क्रमानें व योग्य मापानें आवळण्यास जेमतेम अर्धा तास लागतो.