तीनचाकीचा तोल
न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या पायांनी अपंग असलेल्या घड्याळजीने १६५५ मध्ये स्वतःसाठी हाताने फिरवायची तीनचाकी बनवली. वाहन इतके जुने असूनही तीनचाकीवर तोल सांभाळावा लागत नाही, हा समज अजून टिकून आहे. वस्तुतः दुचाकी वळताना आत कलते, साधी तीनचाकी मात्र कलत नाही; त्यामुळे ‘डेल्टा’ रचनेत, म्हणजे पुढे एक व मागे दोन चाके असताना, वेगाने वळल्यास आतले मागचे चाक उचलले जाते, आणि प्रौढ शिकाऊ चालकाला वळणाआधीच वेग कमी करून, शरीराला जमेल तितके, धड आत झुकवण्याची सवय लावून घ्यावी लागते. पूर्वी दुचाकी चालवलेल्यांना हे बहुधा अधिक जड जाते, कारण अंगवळणी पडलेले गाडीसकट कलणे आधी विसरावे लागते. अपंग चालकाने चाकांच्या खुर्चीतून तीनचाकीच्या आसनावर सरकण्यापूर्वी तिचा पार्किंग ब्रेक, म्हणजे उभ्या गाडीची चाके जखडणारी कळ, लावणे आवश्यक असते.