गगनबावड्याचा कातळ आणि तिरपा प्रतिध्वनी

भूगोलाच्या सहलीत आम्ही गगनगडाची वाट चढत होतो. कातळातल्या एका खळग्यात पावसाचे पाणी साचले होते. वाकून पाहिले तेव्हा तळाचे खडे स्वच्छ दिसले. दोन पावले मागे सरून तिरपे पाहिले, तर खडे जाऊन ढगच दिसू लागले. पाणी तेच, फक्त कोन बदलला. सरांनी तेवढ्यावरून जो विषय काढला, तो माझ्यासारख्या गणिताला भिणाऱ्यांसाठी मांडतो.

हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. त्यांच्याखाली काय आहे, हा प्रश्न ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर केवळ जिज्ञासेचा राहिला नाही. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची अशा रेषेवर सुरुंग उडवून खालून परतणाऱ्या लहरी नोंदल्या.

लहर किती परतेल, हे दोन्ही थरांच्या घनता व वेग यांच्या गुणाकारांतील फरकावर ठरते. समजा, दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीत लहरीचा वेग सेकंदाला ३००० मीटर व घनता २.३ आहे, आणि घट्ट बेसॉल्टमध्ये ५५०० व २.८. सरळ खाली गेलेल्या लहरीची ३८ टक्के उंची तेथूनच परत फिरते. अशा दहा सीमा जाता-येता ओलांडल्यावर हाती जेमतेम पाचवा हिस्सा उरतो! उलट बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटचा वेग ६००० व घनता २.७ धरली, तर त्या सीमेवरून परततात अवघे अडीच टक्के. जी सीमा हवी, तीच कुजबुजते.

येथे कोन मदतीला येतो. तिरप्या लहरीचा काही भाग सीमेवर आडव्या कंपनाच्या लहरीत बदलतो. त्यामुळे परावर्तनाचा जोर मधल्या कोनांत कधी घटतो, पण क्रांतिक कोनाजवळ एकदम वाढतो. वरच्या ग्रॅनाइटसाठी तो सुमारे ६६ अंश येतो. म्हणून सुरुंगापासून दूरवरच्या नोंदी मोलाच्या. याची समीकरणे जर्मनीच्या कार्ल झोप्रिट्झ यांची. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये छापली गेली. थरांचे आकडे कल्पून प्रत्येक कोनाचा जोर काढायचा, नोंदीशी ताडायचा, जुळेपर्यंत आकडे बदलायचे. अडचण अशी की दोन निराळ्या रचनाही कधी सारखेच उत्तर देतात.

कोयना भागात २०१७ मध्ये पुऱ्या झालेल्या सुमारे ३ किलोमीटर खोल विवरात सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. पण विवर एकाच जागेचे सांगते. आणि मी घेतलेले आकडेही नमुन्याचेच. सच्छिद्र बेसॉल्टमध्ये वेग बराच उतरतो, तो घातला की सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.