दौंडचा विसर्ग किती?

जुलैची संध्याकाळ. टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर तुम्ही उभे, आणि धो धो पाऊस सुरू. लगेच कुणाचं तरी स्टेटस, ‘यंदा उजनी फुल्ल!’ घरी वडील विचारतात, आडसाली ऊस लावायचा का? वर्ष-दीड वर्ष पाणी मागणारं पीक. काय सांगाल?

उजनी भरते ती मुख्यतः वर, पुणे जिल्ह्यात पडणाऱ्या पावसानं. टेंभुर्णीत अशी एखादी सर धरण भरलं त्या वर्षीही येते, न भरलं त्या वर्षीही. मग तिच्यावरून अंदाज कशाला हलवायचा?

जाणती माणसं म्हणूनच विचारतात, ‘दौंडचा विसर्ग किती?’ गणितात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा त्यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. सूत्र राहू द्या, वर्षं मोजू.

समजा (आकडे फक्त उदाहरणाचे), २० वर्षांत धरण १० वेळा भरलं, १० वेळा नाही. भरलेल्या १० पैकी ९ वर्षी जुलैअखेर दौंडहून मोठा विसर्ग आला होता, न भरलेल्या १० पैकी ३ वर्षी. यंदा तसा विसर्ग आला, तर बघायची ती १२च वर्षं. त्यातली ९ भरली. अंदाज ५० वरून ७५ टक्क्यांवर. ९० वर नाही! ‘भरलेल्या वर्षी विसर्ग’ आणि ‘विसर्ग आलाय तेव्हा भरणं’ यात गल्लत झाली की परीक्षेत मार्क जातात. आमचेही गेलेत.

पुढची बातमी आली की सुरुवात ७५ पासून. पण खरा घोळ इथेच होतो. सकाळी मेसेज येतो, खडकवासल्यातून पाणी सोडलं. मग बंडगार्डनचा विसर्ग वाढला. मग दौंडचा. तीन पुरावे? अहो, खडकवासल्याचं पाणी मुठेतून बंडगार्डनला, तिथून मुळा-मुठेनं भीमेत आणि पुढे दौंडला. बरंचसं पाणी तेच. ते तीनदा मोजलं की ७५ चे ९५ कधी होतात कळत नाही.

आणि ‘उजनी भरतेच’ म्हणत १०० पासून सुरुवात करणाऱ्याला कुठलाच पुरावा हलवत नाही. २०२३ मध्ये ती भरली नाही. २०२४ मध्ये उणे साठ्यात गेलेली उजनी पावसाळ्यात भरली.

मग वडिलांना काय सांगायचं? ७५ टक्के म्हणजे चारातला एक डाव हुकणार. तो झेपेल का, हे विहिरीला पाणी किती, यावर. सगळ्या रानात ऊस की अर्ध्याच, ते त्यांच्यासोबत बसून ठरवा.