समुद्र पाहायला जाताय? मग मालवणात एवढं करून या

कळमन्याच्या मार्केटात संत्रा विकायचा, परतताना लकडगंजात आरामशीनवर चौकटीचं लाकूड पाहायचं आणि दिवस मावळायच्या आत गावाची गाडी धरायची, हा आपल्याकडच्या पुष्कळ शेतकऱ्यांचा ठरलेला फेरा. या फेऱ्यात चहाच्या टपरीवर एक विषय हमखास निघतो, "यंदा लेकरं समुद्र पाहाचा म्हणतात. कुठं जावं?"

प्रश्न साधा आहे, पण आपल्यासाठी सोपा नाही. नागपूर पडलं देशाच्या मधोमध. कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच. आयुष्यात एकदा-दोनदाच जाणं होणार. तेव्हा गेल्यासारखं काही पाहून, शिकून आणि सगळे सुखरूप परत येणं महत्त्वाचं. म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण-तारकर्लीचा विचार करा. गाव लहान, माणसं आपल्यासारखीच शेतीभातीची आणि मासेमारीची. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तरी तिथला कारभार अजून बराचसा घरगुती आहे.

जायचं कधी, कसं?

कापसाचा मोठा वेचा आटोपला की तिळसंक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ चांगला. हवा सुखाची असते आणि समुद्रही शांत असतो. मे अखेरीस समुद्र खवळायला लागतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि मासेमारीलाही बंदी असते. मालवण तालुक्यात आंगणेवाडीला भराडी देवीची मोठी जत्रा भरते. तिची तारीख पंचांगावर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

मालवणात रेल्वे नाही. १९९८ पासून पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरायचं आणि पुढे एसटीने जायचं. नागपूरहून मडगावकडे विशेष गाडी सोडली जाते. तिचे दिवस बदलतात, म्हणून रिझर्वेशनआधी स्टेशनवर विचारून घ्यावं.

पहिलं काम : पाण्यात उतरू नका

गेल्या गेल्या लेकरं पाण्याकडे धावतील. त्यांना थांबवा. आपल्याला विहीर, बोडी, तलाव आणि कन्हानचा डोह ठाऊक. त्या पाण्यात पोहता येतं म्हणून समुद्रात पोहता येईल, असं समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या कॉलेजातले ८ जण गेले. सारे बाहेरगावचे, आनंदानं आलेले.

फळीवर उभं राहून लाटेवरून घसरण्याचा सर्फिंग नावाचा खेळ आहे. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्कीला आणि तामिळनाडूत चेन्नईजवळ कोवलमला तो शिकवतात. तिथं जाणता शिकवणारा पोराला आधी वाळूवर बसवून लाटा पाहायला लावतो. लाट कुठं फुटते, पाणी कुठून परत जातं, हे पाहिल्याशिवाय फळी पाण्यात जात नाही. आपणही तेच करावं. पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाहावं.

किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एखादी चिंचोळी वाट शोधतं. तिथं लाटा फुटत नाहीत, पाणी संथ आणि गडद दिसतं. नवख्याला वाटतं, हीच जागा बरी. खरं तर तीच घातकी. तिथली ओढ माणसाला आत नेते. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, दम संपतो. अंग पाण्यावर तरंगतं ठेवा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर आडवं सरका. ओढीतून सुटलात की मग किनाऱ्याकडे वळा. दुसरा बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकू नका. दोर, ट्यूब, झाकण लावलेला रिकामा डबा, जे तरंगेल ते फेका आणि गावकऱ्यांना हाक मारा.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या पंचांगातच आहे. कोकणातली जुनी माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजताच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ठोकळ हिशेब आहे, गावागणिक पाऊण-एक तास मागेपुढे होतो. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. एवढं ठाऊक असलं तरी शेवटी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा, "काका, आज उतरायला हरकत नाही ना?" तो नाही म्हणाला की विषय संपला. आणि दारू घेतलेल्या माणसानं तर पाण्याच्या जवळही जाऊ नये.

किल्ला पाहा, विहिरी पाहा

मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं. होडीत बसताना लाइफ जॅकेट घाला आणि माणसं जास्त झाली असतील तर पुढची होडी धरा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता.

शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांचं बेट आणि भोवती जवळपास तीन किलोमीटरचा तट. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात हाही आहे.

शेतकऱ्यानं तिथं थांबून पाहावं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींकडे. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. किनाऱ्यावरच्या गावांत मोटार लावून बेसुमार उपसा केला, तर हेच गोडं पाणी संपून खालचं खारं वर येतं. आपल्याकडे वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात उपशानं काय झालं, ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे बोअर कोरडा पडतो, त्यांच्याकडे विहीर खारट होते, एवढाच फरक.

रापण आणि लिलाव

सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर फिरा. नशीब असेल तर रापण पाहायला मिळेल. होडीनं मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. एकट्यादुकट्याचं हे काम नाही, सगळी वाडी लागते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारा. मोठ्या पर्ससीन जाळ्यांमुळे आपल्या वाट्याचा मासा जातो, अशी या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. २०१६ साली शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध आणले, तरी वाद मिटला नाही. त्यांच्याशी बोलून पाहा, आपल्याच गावच्या गोष्टी ऐकल्यासारखं वाटेल.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो. कळमन्यात संत्र्याच्या ढिगावर बोली लागते तशीच ही बोली. फरक एवढा की हा माल रात्रभर ठेवता येत नाही. बर्फ नसेल तर पडेल त्या भावात द्यावा लागतो. नाशवंत मालाचं दुखणं सगळीकडे एकच.

मुक्काम घरात करा

तारकर्ली, देवबाग, वायरी या गावांत नारळी-पोफळीच्या आगरात घरगुती मुक्कामाची सोय असते. पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेतून अनेकांनी घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. हॉटेलापेक्षा इथं उतरा. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, वडे-सागोती खा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, त्याचीही सोय होते.

जेवणं आटोपल्यावर घरच्या मावशींना चार प्रश्न विचारा. संडास-न्हाणी आधी बांधली की खोल्या? वर्षात किती दिवस गिऱ्हाईक असतं? पावसाळ्यात काय करता? पाहुण्यांचा कचरा कुठं जातो? सरपंच आणि ग्रामसेवक सोबत असतील तर त्यांनी घरपट्टी आणि पाण्याचा हिशेबही विचारावा. महाराष्ट्रात २०२० पासून कृषी पर्यटन धोरण आहे. पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण पाहुणा कसा सांभाळतात, हे शासनाच्या कागदावरून कळत नाही, कुणाच्या घरी पाहुणा होऊनच कळतं.

एक दिवस वेंगुर्ल्याचा

वेळ असेल तर वेंगुर्ल्याला कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. काजूच्या वेंगुर्ला जाती इथल्याच. हापूस आणि नीलमच्या संकरातून आलेला रत्ना आणि बारीक कोयीचा सिंधू हे आंबेही इथलेच. पाहा, विचारा, पण कलमं उचलून आपल्या काळ्या जमिनीत लावायची घाई करू नका. कोकणातली निचऱ्याची जांभी माती आपल्याकडे नाही. त्यापेक्षा कोकमाचं आगळ, काजूगर आणि मालवणी खाजा सोबत आणा.

घरी काय आणाल?

शेवटची गोष्ट ग्रामपंचायतीसाठी. समुद्रावरून परत आल्यावर आपल्या गावच्या तलावाकडे नव्या नजरेनं पाहा. गणपती, दुर्गादेवीच्या विसर्जनाला आपल्याकडेही दरवर्षी पोरं बुडतात, आणि एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो. तलावाच्या पाळीवर एक जाड दोर, हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणि खोल पाण्याची सूचना देणारी पाटी ठेवायला मोठा निधी लागत नाही. हा ठराव पुढच्या मासिक सभेत घेता येईल. समुद्राची सहल तिथंच वसूल होईल.