पद्मिनीच्या स्टेअरिंगमधला प्ले

पुढची चाकं तसूभरही न हलता स्टेअरिंग दोन बोटं इकडे आणि दोन बोटं तिकडे फिरतं, ही प्रीमियर पद्मिनीची फार जुनी तक्रार. या ‘प्ले’वरचा, म्हणजे मोकळ्या हालचालीवरचा, इलाजही तितकाच जुना. बोनेट उघडायचं, स्टेअरिंग बॉक्सवरचा चेकनट सैल करायचा, मधला स्क्रू पाव फेरा आवळायचा आणि गाडी मालकाच्या हवाली करायची. पाच मिनिटांचं काम. गाडी त्या दिवशी घट्ट चालते, मालक खूश होतो. दोष मात्र अनेकदा त्या बॉक्समध्ये नसतोच. तो दुसरीकडे कुठेतरी जसाच्या तसा राहतो आणि विनाकारण आवळलेला बॉक्स आतून झिजायला लागतो.

ही गाडी मुंबईचीच म्हणायला हवी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट 1100 ची ‘डिलाइट’ ही आवृत्ती 1964 पासून इथं बनू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. इटलीनं हा साचा साठच्या दशकातच मागे टाकला. कुर्ल्यात तो एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, तिची सेवा थांबली. आता उरल्या आहेत त्या घरगुती गाड्या. रोज टॅक्सी हाताळून ज्यांचे हात तयार झाले होते, त्या मिस्त्रींची संख्याही घटत चालली आहे. म्हणून हे काम नीट समजून घेण्याची गरज आज जास्त आहे.

पद्मिनीच्या स्टेअरिंगला वर्म-रोलर पद्धत आहे. चालकाच्या हातातलं चाक एका लांब शाफ्टच्या वरच्या टोकाला बसतं. हा शाफ्ट बाहेरच्या नळीतून खाली उतरतो आणि त्याच्या खालच्या टोकाला वर्म असतो, म्हणजे जाड आट्यांचा दंडगोल. त्याचा आकार मात्र सरळ नसतो, डमरूसारखा मधे बारीक असतो. त्या आट्यांत एक रोलर अडकलेला असतो. वर्म फिरला की रोलर कमानीत सरकतो, त्याच्याबरोबर आडवा शाफ्ट वळतो आणि बाहेरचा ड्रॉप आर्म टाय रॉड ओढतो किंवा ढकलतो.

सगळी गोम या मधल्या भागात आहे. वर्म आणि रोलर यांची पकड बरोबर मध्यावर, म्हणजे गाडी सरळ चालत असताना, सर्वांत घट्ट ठेवलेली असते. दोन्ही टोकांकडे ती मुद्दाम थोडी सैल असते. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळच चालते, त्यामुळे झीज होते तीही मध्यावर. ती फार झाली असेल आणि मिस्त्रीनं मधला प्ले शून्यावर आणायचा हट्ट धरला, तर टोकांकडे रोलर वर्मवर दाबून बसतो. वळणानंतर चाक आपोआप सरळ यायला हवं, ते येत नाही. घाटातल्या वळणावर हे कळणं धोक्याचं आहे.

याहून वाईट गोष्ट व्हील अलाइनमेंटच्या वेळी घडते. अलाइनमेंट झाल्यावर गाडी सरळ चालते, पण स्टेअरिंग तिरकं दिसतं. टाय रॉड दोन्ही बाजूंनी सारखे जुळवण्याऐवजी स्टेअरिंग काढून दोन दाते फिरवून पुन्हा बसवलं जातं. दिसायला सगळं ठीक. आत मात्र गाडी सरळ असताना रोलर मध्यावर नसतो, सैल भागात असतो. मग प्ले जाणवतो, मग स्क्रू आवळला जातो, आणि एखाद्या दिवशी चाक थोडं वळवताच खरा मध्य येऊन स्टेअरिंग अडखळतं. अशा गाडीत आधी टाय रॉड सोडवावे लागतात. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजायच्या. समजा साडेतीन भरल्या, तर पावणेदोन फेऱ्यांवर बॉक्सचा मध्य. तिथं खूण करून मगच बाकीची जुळणी.

म्हणून चांगला मिस्त्री शोध वरून नाही, खालून सुरू करतो. टायरमधली हवा बघतो, कारण हवा कमी असली तरी गाडी हेलकावते. मग गाडी जमिनीवरच ठेवून एकाला आत बसवतो आणि स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगतो. स्वतः खाली वाकून प्रत्येक जोडावर बोट ठेवतो. टाय रॉडच्या एंडमध्ये, आयडलरच्या बुशमध्ये, ड्रॉप आर्मच्या बुडाशी, जिथं एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तिथं बोटाला ठोका लागतो. डोळ्यांपेक्षा बोट इथं जास्त खात्रीचं.

त्यानंतर जॅक. पुढचं चाक उचलून वर आणि खाली धरून हलवलं की खडखड होते, पण ती व्हील बेअरिंगची की किंगपिनची, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या पिनची? आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. हालचाल थांबली तर बेअरिंग सैल. तरीही चालू राहिली तर किंगपिन किंवा त्याचे बुश गेलेले. इतकी सोपी आणि इतकी बिनखर्चाची चाचणी न करता स्टेअरिंग बॉक्स खोलणं हा मालकाच्या पैशांवर अन्याय आहे.

मुंबईच्या गाडीत आणखी एक जागा तपासावीच लागते. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. स्टेअरिंग बॉक्स ज्या पत्र्याला बोल्टनं धरलेला असतो, तो पत्रा खाऱ्या दमट हवेत गंजतो. स्टेअरिंग हलवताना अख्खा बॉक्स किंचित सरकत असेल, तर नवा वर्म टाकूनही काही उपयोग नाही. आधी पत्र्याचं काम, मग बाकी सगळं.

आता कॉलम, म्हणजे तो लांब शाफ्ट आणि त्याची नळी. स्टेअरिंगचं चाक वर-खाली हलत असेल किंवा खडबडीत रस्त्यावर हातात थरथर येत असेल, तर नळीच्या वरच्या टोकाचा बुश झिजलेला असतो. हे काम लहान आहे, पण चाक उतरवावं लागतं आणि तिथंच नुकसान होतं. मधला नट काढून चाक हातोडीनं ठोकलं की धक्का शाफ्टवरून थेट खालच्या वर्मच्या बेअरिंगना बसतो. पुलर वापरायचा, आणि उतरवण्याआधी शाफ्ट व चाकावर पंचची खूण करायची. बॅटरीची तार आधी सोडायची, कारण हॉर्नची वायरही इथंच असते.

जुन्या कॉलमची एक मर्यादा मालकानं मनात ठेवायलाच हवी. असा ताठ शाफ्ट समोरच्या धडकेत चालकाच्या छातीकडे येऊ शकतो. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून धडकेत दबणाऱ्या कॉलमसंबंधीचे नियम लागू झाले. पद्मिनीचा साचा त्याआधीचा आहे. गाडी जपून चालवणं एवढंच त्यावर हातात आहे.

कॉलमची दुसरी जबाबदारी म्हणजे हँड गिअर, स्टेअरिंगखालची गिअरची दांडी. दांडी एका हालचालीनं गिअरची जोडी निवडते आणि दुसऱ्या हालचालीनं गिअर टाकते. दोन्ही हालचाली सळ्यांमधून आणि लहान लहान बुशांमधून गिअरबॉक्सपर्यंत जातात. प्रत्येक बुशात केसाएवढी झीज झाली तरी बेरीज मोठी होते. एका जोडीतून दुसरीत जाताना सळ्या अर्धवट थांबतात आणि गिअर अडकतो. मग भर सिग्नलला चालक उतरतो, बोनेट उघडतो आणि सळ्या हातानं न्यूट्रलला आणतो. सळ्यांची लांबी जुळवण्याआधी बुश बदलले नाहीत तर आठवड्यात तीच गत होते. आणि क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर करकरतो. तो दोष सळ्यांच्या माथी मारू नये.

बॉक्सच्या सीलमधून तेल गळायला लागलं की त्यात ग्रीस भरण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. गळती थांबते, पण ग्रीस आट्यांवरून बाजूला फेकलं जातं आणि परत येत नाही. वर्म कोरडा फिरतो. सील बदलून 90 नंबरचं गिअर ऑइल घालणं हाच खरा उपाय.

सुटे भाग मिळवणं आता कष्टाचं झालंय. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथं फेऱ्या माराव्या लागतात. जुळणारा बुश मिळाला नाही तर लेथवर गनमेटलचा बनवून घेता येतो, आणि चांगल्या टर्नरच्या हातचा बुश उत्तम चालतो. पण ड्रॉप आर्म, टाय रॉड किंवा शाफ्ट वेल्डिंग करून वापरणं कदापि योग्य नाही. वेल्डच्या कडेला धातू ठिसूळ होऊ शकतो आणि स्टेअरिंगचा भाग तुटतो तेव्हा गाडी वळवण्याचं दुसरं साधन चालकाकडे नसतं. खोललेल्या प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन हवी. जुनी सरळ करून पुन्हा घालायची नाही.

2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदता येतं आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी ती पन्नाशी गाठली आहे. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, ही त्यातली अट. ज्यांना ही नोंद हवी आहे, त्यांनी पॉवर स्टेअरिंगसाठी पत्रा कापण्याआधी मूळ बॉक्सची एकदा नीट दुरुस्ती करून बघावी. हवा बरोबर असेल, किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस मिळत असेल आणि रोलर मध्यावर असेल, तर चालत्या पद्मिनीचं स्टेअरिंग दोन बोटांनी वळतं आणि सोडलं की स्वतःहून सरळ येतं.